वाचकांचे प्रश्न : अरब उठावांचा अंदाज कुठे चुकला?

प्रश्न : अरब देशांच्या राजकारणावर जगभरातील विद्यापीठांतून इतके संशोधन होत असतानाही २०११ च्या उठावांची चाहूल अभ्यासकांना लागली नाही. मग या संशोधनावर भिस्त का ठेवावी? शिवाय जिथे सत्तेविरुद्ध बोलणे धोक्याचे, तिथे लोक सर्वेक्षणात खरे बोलतात हे कशावरून?

उत्तर : आपला पहिला आक्षेप अभ्यासकांनाही मान्य आहे, मात्र त्यांची चूक नेमकी कोणती, हे पाहण्यासारखे आहे. तिथल्या असंतोषाची त्यांना कल्पना नव्हती असे नाही. बेकारी आणि पोलिसी जुलूम यांवर भरपूर लिहिले गेले होते. त्यांना सतावणारा प्रश्न होता तो असा, की एवढा असंतोष असूनही या राजवटी टिकतात कशा? तेलाचा पैसा हाती असलेल्या सरकारला करदात्यांची मर्जी राखावी लागत नाही, हे त्याचे एक उत्तर होते. (ते मांडणाऱ्यांपैकी इजिप्तचे अर्थतज्ज्ञ हाझेम अल-बेब्लावी २०१३ मध्ये, लष्कराने निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांना हटवल्यावर, स्वतःच पंतप्रधान झाले!) दुसरे उत्तर होते लष्कराच्या बळाचे.

घोटाळा झाला तो या दुसऱ्या उत्तरात. लष्कर आणि सत्ताधीश एकजीव आहेत असे आम्ही गृहीत धरले, अशा आशयाची कबुली अमेरिकी अभ्यासक ग्रेगरी गॉस यांनी २०११ मध्येच ‘फॉरिन अफेअर्स’ या नियतकालिकात दिली. ट्युनिशियात सिदी बूझिद इथे १७ डिसेंबर २०१० रोजी मोहम्मद बुअझिझी या फळविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतले आणि चार आठवड्यांत, १४ जानेवारीला, राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून गेले. तेथील छोटेखानी, राजकारणापासून दूर ठेवलेले लष्कर त्यांना वाचवायला पुढे आले नाही. इजिप्तच्या सेनाधिकाऱ्यांनी राष्ट्राध्यक्ष मुबारक यांना बाजूला करून सत्ता स्वतःकडे घेतली. सीरियात मोक्याच्या तुकड्या राष्ट्राध्यक्ष असद यांच्याच अलावी या अल्पसंख्य पंथाच्या अधिकाऱ्यांच्या हाती असल्याने त्यांचे भवितव्य राजवटीशी बांधलेले होते, आणि त्या निदर्शकांवर तुटून पडल्या. म्हणजे उठावाची तारीख सांगता आली नाही तरी एकाच लाटेचे तीन ठिकाणी तीन शेवट का झाले, हे याच संशोधनातून कळते, आणि माझ्या मते त्याचे मोल त्यातच आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ‘अरब बॅरोमीटर’ ही सर्वेक्षणे २००६ पासून होत आहेत, पण प्रत्येक देशात प्रत्येक प्रश्न विचारता येत नाही. इजिप्तमध्ये तर सर्वेक्षणासाठी सरकारी सांख्यिकी संस्थेची परवानगी लागते. यावर संशोधकांनी काढलेली एक युक्ती अशी. निम्म्या लोकांना चार निरुपद्रवी विधाने वाचून दाखवायची, उरलेल्यांना तीच चार आणि पाचवे एक नाजूक विधान, समजा ‘राज्यकर्त्यांवर माझा विश्वास नाही’. त्यांपैकी कोणती पटतात ते सांगायचे नाही, किती पटतात एवढाच आकडा सांगायचा. पहिल्या गटाची सरासरी २.१ आणि दुसऱ्याची २.५ आली, तर साधारण ४० टक्के लोकांना ते पाचवे विधान पटते असे निघते, आणि तरीही कुणा एकाचे मत कुणालाच, अगदी विचारणाऱ्यालाही, कळत नाही. अर्थात यासाठी माणसे पुष्कळ लागतात, आणि मत कळले तरी त्यामागचे कारण कळत नाही.

कारण समजून घ्यायचे तर लोकांत जाऊन बसावे लागते, आणि खरा धोका तिथे आहे. केंब्रिज विद्यापीठाचा इटालियन संशोधक जुलियो रेजेनी कैरोत स्वतंत्र कामगार संघटनांचा अभ्यास करत होता. २५ जानेवारी २०१६ रोजी तो बेपत्ता झाला आणि ३ फेब्रुवारीला छळाच्या खुणा असलेला त्याचा मृतदेह शहराबाहेरच्या रस्त्यालगत सापडला. ज्याच्याशी तो अभ्यासासाठी बोलत असे, त्या फेरीवाल्यांच्या पुढाऱ्यानेच त्याची खबर पोलिसांना दिली होती.