सिलिकॉनच्या साच्याला पीओपीचं कवच

क्लेच्या गणपतीचा साचा असा करायचा: आत मऊ सिलिकॉन, बाहेर त्याला धरून ठेवणारं पीओपीचं कवच. पहिलाच साचा असेल तर टिन-क्युअर (कथिलाच्या हार्डनरने घट्ट होणारं) सिलिकॉन घ्या. प्लॅटिनमवालं गंधकयुक्त क्लेवर जमतच नाही, चिकट राहतं. हार्डनर डब्यावर लिहिलाय तेवढाच, बहुधा वजनाच्या २-३ टक्के, आणि काट्यावर मोजून, अंदाजपंचे नको. मुंबईच्या पावसाळी दमटपणात ते लवकर धरतं, म्हणून एका वेळी थोडंच कालवा.

पहिला हात पातळ, ब्रशने, बुडबुडे फोडत. तो चिकट असतानाच पुढचा. एकूण जाडी ६-८ मिमी. कान, सोंडेखालच्या खाचा सिलिकॉनने भरून बाहेरचा आकार सपाट करा. बहुतेकांची चूक इथेच होते: खाच राहिली की कडक पीओपी तिथे अडकतं आणि कवच फोडावं लागतं.

कवच दोन भागांत. क्लेची भिंत उभारून पहिला भाग ओता, दोन्ही भाग नेमके जुळावेत म्हणून कडेला दोन-तीन खळगे कोरा, व्हॅसलीन नीट चोळा (विसरलात तर दोन्ही भाग एकजीव!), मग दुसरा. १ लिटर पाण्यात साधारण दीड किलो पीओपी. पाण्यात पावडर भुरभुरवायची, उलट नाही. जाडी २-३ सेंमी, आत लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत वापरतात तसा काथ्या.

साचा ठेवताना कवचातच ठेवा, नाहीतर सिलिकॉन वाकडं होतं.