पदर इतका नीट कसा?

लेकरा,

चुलीपुढच्या आजीचं चित्र मिळालं. मेहनत दिसते, लुगड्याच्या काठाची नक्षीसुद्धा सुटलेली नाही. पण तू तिला ‘जरा गप बस’ म्हणून बसवलंस, हे मला तिच्या पदरावरून कळलं. भाकरी करताना इतका नीट पदर कुणाचाच राहत नाही.

पुढच्या वेळी तिला काही सांगूच नको. घरकामातले हात फिरून फिरून त्याच जागी येतात. परातीत थापणं, तव्यावर टाकणं, वरून पाण्याचा हात फिरवणं, चुलीत काडी सारणं, की पुन्हा परात. एकाच कागदावर चार छोटे आराखडे मांड. हात जिथं येईल त्या आराखड्यात दोन-तीन रेघा वाढव आणि पुढच्याकडे जा. दहा भाकऱ्या होईस्तोवर चारही उभे राहतात. ज्वारी पाखडणं, वाती वळणं, शेंगा फोडणं, सगळं असंच काढता येतं.

आता उजेड. तुमचं घर अजून माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारीकडची अशी कितीतरी घरं पडली. त्यात आमचंही होतं, आणि त्या घराचं एकही चित्र मी काढून ठेवलं नव्हतं. म्हणून तुझ्या मागे लागतो.

साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, उजेड वरून उतरतो. कपाळ, नाकाचा शेंडा, खांदे उजळतात. डोळ्यांच्या खोबणी काळोखात जातात. तू मात्र पापणीचा केस न् केस काढलास. तुला ठाऊक आहे म्हणून काढलास, दिसला म्हणून नाही. डोळे बारीक करून बघ, सगळ्यांत गडद जागा आधी भर. पाठ आणि धुरानं काळी पडलेली भिंत एकसारखी दिसत असेल तर मधे रेघ ओढू नको, मिसळू दे. फ्रेंच चित्रकार जॉर्ज स्यूरानं 1882-83 च्या सुमारास भरतकाम करणारी आपली आई काढली. खरबरीत कागदावर नुसता कॉन्ते, म्हणजे चित्रकलेचा काळा खडू घासलाय, बाह्यरेषा जवळजवळ नाहीच. ते चित्र शोधून सावकाश बघ.

स्टीलची परात आणि मातीचा माठ तू एकाच हातानं घोटलेस. स्टीलवर काळ्याकुट्ट छटेला खेटून कोरा कागद असतो, मधली कड धारदार. माठावर छटा हळूहळू उतरते. एवढ्यानं दोन्ही वेगळे होतील. सावली बोटानं चोळू नको, कातडीचा तेलकटपणा कागदात उतरून डाग पडतो. एचबी पेन्सिलीचे हलके थर दे, त्यावर तिच्याहून मऊ आणि गडद 4बी. 8बी दाबून घासली की ग्राफाइट चमकतं आणि काळोख राखाडी दिसायला लागतो.

दिवाळीत येशील तेव्हा तो चार आराखड्यांचा कागद आण, चुकलेल्या रेघा न खोडता. आजीच्या शेजारी बसून काढशील तर त्यावर पीठ उडेलच. फुंकर मार, हातानं पुसू नको.

तुझा,
ड्रॉइंगचा सर