ते सगळं असू दे, माणूस माणूसच: वाचकांचे प्रश्न एका स्कॉटिश गाण्याबद्दल

मागच्या वेळी बोलता बोलता अठराव्या शतकातला स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याच्या 'अ मॅन्स अ मॅन फॉर ऑ दॅट' या गाण्याचा विषय निघाला आणि मी दोन ओळी लिहून पुढे गेले, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय.

प्रश्न: तुम्ही लिहिलंत म्हणून गाणं शोधून ऐकलं. चाल लगेच आवडली, शब्द स्कॉट्स भाषेतले असल्यामुळे निम्मे डोक्यावरून गेले. पण एक कळत नाही, सगळी माणसं सारखी असं सांगणारी गाणी तर ढिगानं आहेत, मग सव्वादोनशे वर्षं हेच का टिकलं?

माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं, चाल आधी मनात बसली आणि अर्थ खूप नंतर. अर्धं उत्तर तिथेच आहे खरं तर. ही चाल बर्न्सची नाहीच, ती आधीपासून लोकांच्या ओठावर असलेली नाचाची चाल, आणि 'फॉर ऑ दॅट' हे ध्रुवपदही जुनंच, १७८५ च्या सुमाराला भिकाऱ्यांच्या एका रात्रीच्या मैफिलीवर त्यानं जी रचना केली होती तिच्यात त्यानं ते एकदा वापरूनही झालं होतं. म्हणून कुणी याला लोकगीत म्हणालं तर ते अगदीच चूक नाही, फक्त शब्द एका माणसाचे आहेत आणि ते त्यानं जानेवारी १७९५ मध्ये जॉर्ज थॉमसन नावाच्या संपादकाला पाठवले. सोबतच्या पत्रात लिहिलं की गाण्यांचे एक मोठे जाणकार म्हणतात गाणं प्रेमावर असावं नाहीतर दारूवर, हे दोन्हीवर नाही, म्हणजे हे गाणंच नव्हे, दोन-तीन बरे गद्य विचार यमकात बसवलेत इतकंच.

आता ते 'ऑ दॅट'. अर्थ अगदी साधा, 'ते सगळं'. आपणही बोलताना यादी करायचा कंटाळा आला की 'आणि ते सगळं' म्हणून हात उडवतो ना, तोच सूर. गाण्यात एक लॉर्ड येतो, ऐटीत चालतो, डोळे वटारतो, 'आणि ते सगळं', शेकडो लोक त्याच्या शब्दावर माना डोलावतात, पण 'ते सगळं' असू दे, आहे तो मठ्ठच. बर्न्सनं 'कूफ' असा शब्द वापरलाय, स्कॉट्समध्ये कूफ म्हणजे मूर्ख, बावळट. मग छातीवरची फीत, तारा, 'ते सगळं', आणि स्वतःच्या बुद्धीनं चालणारा माणूस हे सगळं बघतो आणि हसतो.

माझ्या मते गाणं टिकलं ते या 'ते सगळं'मुळे, कारण त्या शब्दांत काय भरायचं ते गाणाऱ्यावर सोडलंय. बर्न्सच्या वेळी त्यात लॉर्ड होते, रेशीम होतं, वाइन होती. पुढे १८४३ मध्ये जर्मन कवी फ्रायलिग्राथनं याचं भाषांतर केलं, 'ट्रोट्झ आलेडेम', आणि १८४८ ची क्रांती जर्मनीत मागे रेटली जायला लागली तेव्हा त्यानंच त्याच चालीवर नवे शब्द लिहिले, मार्क्सच्या संपादनाखाली निघणाऱ्या वर्तमानपत्रात ते छापून आले. 'ते सगळं' मध्ये आता राजे आले, सैन्य आलं, हुकलेली संधी आली. जानेवारी १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कार्ल लीब्कनेख्त या जर्मन कम्युनिस्ट नेत्याला ठार मारलं त्यादिवशी त्याचा जो लेख छापून आला होता त्याचं शीर्षक हेच होतं, 'ट्रोट्झ आलेडेम', म्हणजे हे सगळं झालं तरीसुद्धा. एका नाचाच्या चालीवरचे दोन शब्द कुठे जाऊन पोचले बघा! उपदेश करणारं गाणं त्याच्या काळाबरोबर जुनं होतं, कारण त्यानं आपली यादी पक्की केलेली असते, याची यादी मात्र पुढचा गाणारा भरतो.

आणि दुसरं म्हणजे गिनीची ओळ, जी मला अख्ख्या गाण्यात सगळ्यात जास्त आवडते. हुद्दा म्हणजे गिनीवरचा शिक्का, माणूस म्हणजे सोनं. गिनी म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं, २१ शिलिंगांचं. टाकसाळीत शिक्का मारायच्या आधीही ते सोनंच असतं आणि शिक्का घासून पुसून गेला तरी सोनंच राहतं, राजाला शिक्का मारता येतो, सोनं करता येत नाही. पुढच्या एका कडव्यात हेच परत येतं की राजा कुणाला सरदार करील, मार्क्विस करील, ड्यूक करील, पण प्रामाणिक माणूस घडवणं त्याच्या हातात नाही. यात कुठलंही तत्त्वज्ञान समजून घ्यावं लागत नाही, नाणं हातात धरलेल्या कुणालाही कळतं.

प्रश्न: मला हे गाणं थोडं खटकतं. गरिबांनी जाडंभरडं कपडे घालावेत, साधं खावं, आणि रेशीम नि वाइन मूर्खांना देऊन टाकावी, असं सांगणं श्रीमंतांच्या सोयीचंच नाही का? गरिबीचं कौतुक केलं की गरिबी तशीच राहते.

शंका रास्त आहे आणि दुसरं कडवं एकटं वाचलं तर मलाही तसंच वाटेल, 'हॉडिन ग्रे' म्हणजे न रंगवलेल्या लोकरीचं करडं जाडं कापड, ते अंगावर घालून समाधान मानणाऱ्या गरिबाचं चित्र श्रीमंत माणसाला दिवाणखान्यात लावायला आवडलंच असतं.

पण पहिल्या कडव्यातलं क्रियापद बघा. गरीब असण्यात आम्हाला आनंद आहे असं तो म्हणत नाही, गरीब असण्याची आमची हिंमत आहे म्हणतो, 'वी डेअर बी पुअर'. प्रामाणिक गरिबीपायी मान खाली घालणाऱ्याला आम्ही मागे टाकून पुढे जातो असं आहे ते. तो गरिबीची बाजू घेत नाहीये, तिची लाज झटकून टाकतोय, आणि या दोन्हीत फार फरक आहे. लाज वाटणारा माणूस काही मागत नाही, लाज गेली की मागायला लागतो.

शिवाय हे कुणी लिहिलं ते विसरू नका. बर्न्सचा जन्म १७५९ चा, एअरशरमधल्या ॲलोवे गावचा, बाप खंडानं शेती करणारा, जमीन दुसऱ्याची, पोरानं लहानपणापासून अंग मोडून काम केलेलं. गरिबी काय असते ते त्याला बाहेरून बघावं लागलं नाही. आणि गाणं लिहिलं तेव्हा तो डम्फ्रीजमध्ये एक्साइज खात्यात नोकरीला होता, म्हणजे सरकारचाच माणूस, बायको-मुलं त्या पगारावर. फ्रान्समध्ये राजाचा शिरच्छेद झालेला, ब्रिटनमध्ये समतेचा शब्द उच्चारणंही संशयाचं, १७९३ च्या ऑगस्टमध्ये एडिनबरात थॉमस म्यूर या वकिलाला संसदेच्या सुधारणेची मागणी केल्याबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली १४ वर्षांची काळ्या पाण्यासारखी शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला पाठवायचं ठरलं. त्याच्या आधीच, १७९२ च्या शेवटी, खुद्द बर्न्सच्या राजनिष्ठेची खात्यात चौकशी झाली होती आणि नोकरी जाईल या धास्तीनं त्यानं ओळखीच्या वरिष्ठाला अक्षरशः गयावया करणारं पत्र लिहिलं होतं. ते पत्र वाचताना पोटात तुटतं. नवरा आणि बाप असलेला माणूस घाबरलाय, आणि तोच माणूस दोन वर्षांनी हे गाणं लिहितोय, ऑगस्ट १७९५ मध्ये ते ग्लासगोच्या एका मासिकात छापलं गेलं तेव्हा खाली नाव नव्हतं. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये तो गेला, वय ३७.

श्रीमंतांच्या सोयीचं गाणं असतं तर नाव लपवावं लागलं असतं का?

प्रश्न: माझ्या मुलीनं मला सांगितलं की हाच बर्न्स जमैकाला गुलामांच्या मळ्यावर नोकरी करायला निघाला होता. हे खरं आहे का? असेल तर त्याच्या समतेच्या गाण्याला काय अर्थ उरतो?

खरं आहे, मुलीनं बरोबर वाचलंय. १७८६ साल, पैशाची ओढाताण, प्रेयसी जीन आर्मरशी लग्नावरून तिच्या बापाशी बिनसलेलं, आणि जमैकातल्या एका मळ्यावर बुककीपर म्हणून जायचं त्यानं ठरवलं होतं. बुककीपर म्हणजे नुसतं हिशेब लिहिणं नव्हे, गुलामांच्या कामावर देखरेख ठेवणं त्यात आलंच, आणि हे त्याला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही, कारण पुढच्या वर्षी लिहिलेल्या एका लांबलचक पत्रात तो त्या नोकरीसाठी गुलामांना हाकणारा अशा अर्थाचाच शब्द स्वतःबद्दल वापरतो. गेला नाही तो तत्त्वासाठी नाही. किल्मारनॉकला जुलै १७८६ मध्ये त्याचा पहिला कवितासंग्रह छापला गेला, ६१२ प्रती, त्या बघता बघता संपल्या, आणि तो जमैकाऐवजी एडिनबराला गेला.

यावर रंगसफेदी करायची माझी इच्छा नाही. गाण्यात 'भेकड गुलाम' असा शब्दप्रयोग आहे, मान खाली घालणाऱ्या माणसासाठी वापरलेला, आणि जमैकाची गोष्ट कळल्यावर ती ओळ मला आता पूर्वीसारखी ऐकता येत नाही. गिनीचंही तेच. त्या नाण्याला गिनी नाव पडलं ते आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून, तिथल्या सोन्यावरून, आणि त्याच किनाऱ्यावरून माणसंही जहाजात भरून नेली जात होती. माणूस म्हणजे सोनं असं लिहिताना बर्न्सच्या डोक्यात हे असेल असं मला वाटत नाही, पण शब्दात ते आहे.

आता दुसरी बाजू, ती मी सारवासारव म्हणून सांगत नाहीये, ती घडलेली आहे म्हणून सांगतेय. फ्रेडरिक डग्लस, अमेरिकेतल्या गुलामीतून १८३८ मध्ये पळालेला माणूस, १८४६ मध्ये गुलामीविरुद्ध भाषणं करत स्कॉटलंडमध्ये फिरत होता. कायद्यानं तो तेव्हाही कुणाच्या तरी मालकीचाच होता, त्याची सुटका विकत घेतली गेली ती त्या वर्षाच्या शेवटी. तर तो मुद्दाम वाट काढून ॲलोवेला गेला, बर्न्सचं स्मारक बघितलं, बर्न्सची म्हातारी बहीण तेव्हा हयात होती तिला भेटला, आणि त्याबद्दल भरभरून लिहिलं. बर्न्स त्याला मनापासून आवडायचा. ज्याला बर्न्सची समता सगळ्यात आधी नाकारली गेली असती त्याच माणसानं ती आपली म्हणून उचलली.

म्हणून मुलीला सांगा की तिचा राग योग्य आहे आणि गाणंही खरं आहे. गाणं लिहिणाऱ्याच्या उंचीपेक्षा मोठं निघालं. सगळी माणसं भाऊ होतील असं म्हणणाऱ्या शेवटच्या कडव्याचं माप घेऊन उभं राहिलं तर स्वतः बर्न्सही त्यात पुरता बसत नाही, आणि मला त्यामुळे ते कडवं कमी वाटत नाही.

प्रश्न: 'मॅन' मध्ये बाई धरलीय का? आणि ऐकायचंच तर कुठून सुरुवात करू?

बर्न्सच्या मनातलं सांगायचं तर बहुधा पुरती नाही. १७९२ मध्ये डम्फ्रीजच्या रंगमंचावर एका अभिनेत्रीसाठी त्यानं बायकांच्या हक्कांवर कविता लिहिली होती, पण तिच्यात हक्क कुठले, तर संरक्षण, अदब आणि कौतुक, त्याकाळच्या मानानंही हे बेताचंच. तरीपण हे गाणं सगळ्यात मोठ्या प्रसंगी गायलं ते एका बाईनं, आणि सुरुवात तिथूनच करा.

१ जुलै १९९९, एडिनबरा. स्कॉटलंडची स्वतःची संसद १७०७ मध्ये बंद झाली होती, ती जवळजवळ तीनशे वर्षांनी परत सुरू होत होती. समोर राणी, तिचा नवरा, युवराज चार्ल्स. आणि शीना वेलिंग्टन नावाची लोकगायिका उभी राहून कुठल्याही वाद्याशिवाय हे गाते, ते ऐटबाज लॉर्डचं कडवंही गाते, राणीच्या समोर, आवाज न चढवता, अगदी शांतपणे. कुणाचा अपमान करायचा नव्हता तिला, नुसतं शब्द जसे आहेत तसे म्हणायचे होते.

शब्द आधी कागदावर घेऊन बसा, पाचच कडवी आहेत. शेवटच्यात सगळी जगभरातली माणसं भाऊ होतील असं येतं, आणि तिथे 'कमिंग येट' असे शब्द आहेत ते चुकवू नका, अजून येतंय, आलं असं कुठेच म्हटलेलं नाही. त्याच कडव्याला इतका वेळ गप्प बसलेले निवडून आलेले सभासद तिच्यासोबत गायला लागतात, कुणी जोरात, कुणी पुटपुटल्यासारखं. तिथे आवाज थोडा वाढवा.