मन उडालं की आधी वही उघड

प्रिय बाळा,

तुझा मेसेज परवा रात्री साडेअकराला आला, मी सकाळी मिरच्या वाळत घालून झाल्यावर वाचला. भाजणीच्या धंद्याचं नाव ठरलंय, लोगो केलाय, पाकिटाचं डिझाईन पण झालंय, पण काकू सुरुवातच होत नाही, मोटिव्हेशन येत नाही, आणि समजा सुरू केलंच तर ते टिकवायला कुठून आणू, असं लिहिलंयस. फोन केला असता, पण फोनवर मी घाईत बोलते आणि जे सांगायचं तेच राहून जातं. म्हणून लिहिते. लांबेल जरा, चहा घेऊन बस.

मी कांदा-लसूण मसाला करायला लागले ते २००३ साली. यांचा पगार चार महिने थकला होता, पण त्यामुळे मी धंदा काढला असं सांगितलं तर ते खोटं होईल, कारण ते चार महिने मी नुसती घाबरून बसले होते. समोरच्या वहिनींचा मुलगा पुण्याला हॉस्टेलवर जाणार होता. त्या म्हणाल्या, तुझ्या हातचा मसाला त्याला आवडतो, दोन किलो करून दे, आमच्याकडे या वर्षी कांडपाचं जमलं नाही, शुक्रवारी सकाळची गाडी आहे त्याची. आणि पैसे आधीच हातात ठेवले. झालं. आता मला मूड आहे का, मला जमेल का, लोक काय म्हणतील, यातलं काही विचारायला वेळच नव्हता, कारण शुक्रवारी गाडी होती. बुधवारी मिरची आणली, देठं खुडली, खोबरं भाजलं, कांदा तळला, गुरुवारी कांडपाला नंबर लावून बसले आणि रात्री बरणी बांधून दिली. पंधरा दिवसांनी त्या पोराच्या रूममधल्या दोघांनी एक-एक किलो मागवला.

म्हणून तुला म्हणते, लोगो राहू दे बाजूला. तुझ्या भाजणीची वाट बघणारं एक माणूस शोध. एकच. ज्याला अमुक दिवशी हवीच आहे, आणि जो थोडे का होईना पैसे आधी देईल. मैत्रिणी "मस्त आयडिया आहे गं" म्हणतात त्याला ऑर्डर म्हणत नाहीत, पैसे दिले की ऑर्डर. एकदा पैसे घेतले की तू उठतेसच, सर्दी असली तरी उठतेस, मी खात्रीनं सांगते, कारण आपल्याला शब्द मोडायला लाज वाटते. रात्री व्हिडिओ बघून जे अंगात येतं ते सकाळी भांडी घासेपर्यंत टिकत नाही. घेतलेला ॲडव्हान्स टिकतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, त्यात अडकू नकोस. खाण्याचं विकतेस तर अन्न परवाना लागतोच, लहान उलाढालीला साधं रजिस्ट्रेशन पुरतं, ते विकायला लागायच्या आधी करून घे. उद्यम नोंदणी कर, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडं नोंद, ती ऑनलाईन होते आणि फुकट असते, कुणी एजंट त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नकोस. केंद्राची अन्नप्रक्रियेची योजना २०२० ला निघाली, पीएमएफएमई म्हणतात, तिच्यात प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, अजून चालू आहे का ते विचारून घे. पण ते कर्जाला जोडलेलं असतं, रोख हातात येत नाही, म्हणून सबसिडी मिळतेय म्हणून मोठं मशीन घ्यायचं हे करू नकोस. आधी तुझी भाजणी दर महिन्याला किती जाते ते कळू दे.

आता टिकवायचं. हे मला शिकायला पाच-सहा वर्षं लागली, म्हणून नीट वाच.

पहिल्या सीझनला माझा सगळा माल गेला. फेब्रुवारी ते मे मी दम खाल्ला नाही, आणि जूनमध्ये बघते तर डब्यात पैसे नाहीत. मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे. सकाळी उठावंसं वाटेना, मिरचीचा वास नको वाटायला लागला, यांना म्हटलं माझं मन उडालं या कामातनं, पुढच्या वर्षी नको. माझे एक चुलतदीर अडत दुकानात हिशेब लिहायचे, ते जेवायला आले होते. त्यांनी मला काही समजावलं नाही, धीर पण दिला नाही, वही आण म्हणाले. वही कुठली, कॅलेंडरच्या मागं लिहिलेलं होतं सगळं. ते घेऊन बसले आणि विचारलं, मिरची दहा किलो घेतलीस तर हिशेब किती किलोचा धरलास? मी म्हटलं दहाचा. देठं कुठं गेली मग? आणि उन्हात वाळवल्यावर परत वजन केलंस का? केलं नव्हतं. मग काटा लावून केलं. दहा किलो संकेश्वरी आणली होती, देठ खुडून दोन दिवस कडक ऊन दिल्यावर साडेआठच्या आतच भरली. म्हणजे दर दहा किलोमागं दीड किलो मिरची मी लोकांना फुकट देत होते. त्यात कांदा, तो तर तळल्यावर मूठभर होतो. तेल, गॅस, कांडपाचे पैसे, पिशव्या, रिक्षा, हे कशात धरलंच नव्हतं, आणि माझी स्वतःची मजुरी तर शून्य. एका किलोमागं अकरा रुपये पदरचे घालत होते बघ. चार महिने राबून.

त्या दिवशी मला रडू आलं, पण सुटल्यासारखं पण वाटलं. मी आळशी नव्हते. माझा भाव चुकला होता. भाव वाढवला, काही गिऱ्हाईकं गेली, राहिली त्यांच्यावर पुढचं वर्ष निघालं, आणि मिरचीचा वास परत आवडायला लागला.

तुझ्या भाजणीलाही घट आहे गं. धान्य निवडताना जाते, भाजताना हलकं होतं, गिरणीत थोडं राहतं. पहिल्याच घाण्याला तिन्ही वेळा वजन कर, लिहून ठेव. आणि तुझा तास धर. घरातलीच आहे, मला कुठं पगार हवाय, असं आपण बायका म्हणतो आणि तिथंच आपला धंदा हळूहळू मरतो.

दुसऱ्यांदा मन उडालं ते २००८ ला. तोवर दुकानांना माल द्यायला लागले होते, एका मोठ्या दुकानानं सात महिने पैसे दिले नाहीत, अडतीस हजार. त्या वेळचे अडतीस हजार. माल मात्र दर महिन्याला मागायचे आणि मी द्यायचे, कारण मोठं दुकान हातचं जाईल ही भीती. मी परत तेच म्हणायला लागले, आता उत्साह राहिला नाही, वय झालं. चाळीशी पण नव्हती माझी! त्यातले निम्मे पैसे आले कसेबसे. ते आले त्या आठवड्यात मी नवीन तिळाची चटणी करून बघितली, स्वतःहून, कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा डोक्यात उजेड पडला की ज्याला मी उत्साह गेला म्हणत होते ती माझी थकलेली उधारी होती.

याला कायदा पण आहे, मला फार उशिरा कळला. २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो की लहान उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर फार फार तर ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. म्हणून उद्यम नोंदणी करून ठेव म्हटलं, आणि बिलावर तो नंबर आणि तारीख छाप. रोज कुणी भांडायला जात नाही, पण बिलावर नंबर दिसला की समोरचा जरा नीट वागतो. आणि एक नियम मी आजपर्यंत मोडला नाही, दोन बिलं थकली की तिसरा माल जात नाही, मग दुकान कितीही मोठं असो.

पावसाळ्याचं वेगळंच असतं. आमचा सीझन मे ला संपतो, मग जून ते ऑगस्ट हात रिकामे, आणि रिकाम्या हातांनी डोकं नको नको ते विचार करतं. लिज्जत पापडाचं तुला माहीत असेल, १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर सुरू केलं, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हे सगळे सांगतात. मला त्यातलं आवडतं ते पुढचं, की पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने त्यांना काम बंद ठेवावं लागलं होतं. चार महिने, नुकतं कुठं सुरू केलेलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला, पापड खाटेवर, खाली स्टोव्ह, आणि काम चालू ठेवलं. मी ते वाचलं तेव्हा खाटेचं चित्र डोळ्यापुढं आलं आणि मी स्वतःला विचारलं, माझी खाट कुठली? मग कारळ्याची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी सुरू केली, भाजायचं आणि कुटायचं, ऊन लागत नाही. आता जून-जुलैत घरात दोघी कामाला असतात. तुझ्या भाजणीला कुठला महिना जड जाईल ते पहिल्याच वर्षी लिहून ठेव आणि त्याची खाट आत्तापासून शोध. मेतकूट आहेच की तुझ्या आईचं.

नोकरी लगेच सोडू नकोस. घरखर्चाचे सहा महिने बाजूला पडू देत, आणि दर महिन्याला न सांगता परत मागणारी पंचवीस-तीस घरं होऊ देत. तोवर शनिवार-रविवार कर. पोटाची भीती असली की माणूस भाव पाडतो, उधारी देतो, नको त्या ऑर्डरी घेतो, आणि मग वर्षभरात म्हणतो माझ्यात ती जिद्द नव्हती.

आणि एक अवघड गोष्ट. भाव बरोबर आहे, पैसे वेळेवर येतायत, झोप होतेय, तरी वर्षभरानंतर पण तुला चुलीपाशी उभं राहणं नको वाटत असेल तर बंद कर. मी तुला नावं ठेवणार नाही, आणि कुणाला ठेवू पण देणार नाही. पण वही न बघता बंद करू नकोस, एवढं माझं ऐक. आमच्या गल्लीत तीन जणींनी केलं आणि सोडलं, हाताला चव माझ्यापेक्षा चांगली होती एकीच्या. तिचा हिशेब कुणी बघितलाच नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

पुढच्या रविवारी ये. येताना अर्ध्या किलोची दहा पाकिटं भाजणी करून आण, साधी पिशवी चालेल, वर तारीख लिही. सोबत एक वही, त्यात धान्य किती आणलं, भाजून किती उरलं, गिरणीतून किती आलं, किती तास गेले. भाव तू काढू नकोस, आपण दोघी बसून काढू. मग माझ्या गिऱ्हाइकांतल्या चार घरी मी तुला घेऊन जाते, पण पैसे तू मागायचेस, मी बोलणार नाही.

तुझी,
काकू

ता.क. कॅलेंडरच्या मागं लिहू नकोस, महिना संपला की फाडलं जातं. दोनशे पानी वही घे.