आडत दुकान की समाजकार्य? बार्शीच्या एका वडिलांना उत्तर

स. न. वि. वि.

आपलं पत्र वाचलं. बार्शीत तीन पिढ्यांची धान्याची आडत, मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि आता तो म्हणतो की कॉलेज सोडून एखाद्या संस्थेत काम करणार. ‘व्यापारात राहून समाजाचं काम होत नाही’ हे त्याचं बोलणं आपल्याला लागलंय.

त्याची तळमळ खरी आहे, ती मोडू नका. पण त्याचं ते वाक्य मला पटत नाही. त्याला जेम्स हॉटनबद्दल सांगा. हाही धान्याचाच व्यापारी. १७९५ साली आयर्लंडमध्ये कार्लोला क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथ) घरात जन्मला, १८१७ मध्ये डब्लिनला आला आणि भावाबरोबर भागीदारीत धान्य-पिठाचा व्यापार करू लागला. १८५० साली त्यातून निवृत्त झाला.

आता याच काळात त्यानं काय काय केलं बघा. १८३७ मध्ये डब्लिनला गुलामगिरीविरोधी संस्था उभी राहिली, तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांत तो होता. १८४० च्या लंडनच्या जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेला तो प्रतिनिधी म्हणून गेला. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या आयरिश लोकांना ‘गुलामगिरीच्या विरोधात उभे राहा’ असं आवाहन गेलं, त्यावर सुमारे ६०,००० सह्या होत्या. ते तयार करण्यात हॉटनचा मोठा वाटा. फादर मॅथ्यू या आयरिश धर्मगुरूंच्या दारू सोडण्याच्या चळवळीतही तो हिरिरीनं उतरला.

मला त्याचं सर्वांत आवडतं काम मात्र साधं आहे. कष्टकऱ्यांना सुट्टी फक्त रविवारची. म्हणून डब्लिनचं प्राणिसंग्रहालय रविवारी एका पेनीत खुलं व्हावं यासाठी तो झटला, आणि १८४० मध्ये ते झालं. डब्लिनच्याच ग्लासनेव्हिन भागातली वनस्पती बाग रविवारी उघडायला १८६१ साल उजाडलं! इतकी वर्षं एकच मागणी लावून धरायची, वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत राहायचं, यालाही समाजकार्यच म्हणतात.

आता थोडं आपल्यासाठी. ‘आधी पैसा कमव, मग सेवा कर’ असं आपण त्याला सांगितलंय. हॉटन त्यासाठी थांबला नव्हता. वर सांगितलेली बहुतेक कामं पेढी चालू असतानाची आहेत. तेव्हा मुलाला आजपासूनच आठवड्यातला काही वेळ गावातल्या एखाद्या कामासाठी मोकळा द्या, आणि दुकानात बसण्याची अट त्याला जोडू नका.

बी.कॉम. मात्र त्यानं पुरं करावंच. हॉटनला पदवीची गरज पडली नाही, पण आज या क्षेत्रात पगारी काम हवं असेल तर एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) अनेक ठिकाणी उपयोगी पडते. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, तिचं एक केंद्र आपल्याजवळ तुळजापूरला आहे. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. प्रवेशाचे नियम बदलतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक बघूनच अर्ज करा. शिवाय हिशेब आणि ऑडिट समजणारी माणसं संस्थांना कायम हवी असतात. तिथे बी.कॉम. आणि आडतीतला अनुभव दोन्ही उपयोगी पडतील.

दुकानाचं पुढे काय, हा निर्णय पदवी होईपर्यंत राहू द्या. हे पत्र त्याला वाचायला द्या आणि त्याचं म्हणणं त्यालाच मला लिहायला सांगा. आतापर्यंत मी फक्त आपली बाजू ऐकली आहे.