युद्ध संपल्यावर शेजारी देशांत व्यापार सुरू झाला की विकास आपोआप होतो का? बोस्निया-कोसोवोचं उदाहरण आपल्याकडे, काश्मीरसारख्या ठिकाणी, लागू पडेल का?

आपोआप? अजिबात नाही. एकाचा शिक्का दुसऱ्याच्या नाक्यावर चालला तर होतो. नाही चालला तर कितीही करार करा, ट्रक उभा तो उभाच.

मी बोस्नियाला कधी गेलेलो नाही, कोसोवोलाही नाही. माझ्या पासपोर्टवर दुबई सोडून काही नाही. पण आधी न्हावा शेव्याला एका सीएचएकडे, म्हणजे कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटकडे, आणि नंतर ठाण्यात वागळे इस्टेटला वॉल्व्ह-फिटिंगच्या एका कारखान्यात, अशी मिळून बावीस वर्षं मी एक्स्पोर्टचे कागद केले. त्यामुळे माझी देशांशी ओळख कागदांवरून. कोणाला इन्व्हॉइसच्या सहा प्रती लागतात, कोण निळ्या शाईच्या सहीशिवाय हात लावत नाही, कोण स्पेलिंगमधल्या एका अक्षरासाठी कंटेनर आठवडाभर बसवतो, हे मला पाठ आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि २०११ सालचं दुखणं वर आलं, म्हणून लिहितोय.

आमचा एक गिऱ्हाईक कोसोवोच्या राजधानीचा, प्रिश्तीनाचा होता. वीस फुटी कंटेनर, अर्धा माल त्याचा स्वतःचा आणि अर्धा सर्बियातल्या नोव्ही पाझारच्या त्याच्या पार्टनरचा. नकाशात बघितलं तर नोव्ही पाझार कोसोवोच्या उत्तर सीमेला अगदी लागून आहे. शेठचा हिशेब सरळ होता. एकच बीएल (जहाजाची मालपावती, बिल ऑफ लेडिंग) करायचं, न्हावा शेव्याहून ग्रीसचं थेस्सालोनिकी बंदर, तिथून मॅसेडोनियातल्या स्कोप्येमार्गे ट्रकने प्रिश्तीना, आणि पुढचं पुढे तो बघेल. भाड्यात सहाशे डॉलर वाचत होते.

मी म्हटलं, शेठ, दोन बीएल करू. पार्टनरचा माल मॅसेडोनियातून थेट सर्बियात जाऊ दे. कारण थेस्सालोनिकीच्या एजंटने मला दोन ओळींचा मेल टाकला होता: कोसोवो कस्टम्सचा शिक्का सर्बिया मानत नाही, त्या शिक्क्याचे कागद घेऊन गेलेली गाडी परत पाठवतात. कोसोवोने २००८ च्या फेब्रुवारीत सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं, ते सर्बियाला मान्य नाही. तोवर शिक्का तिथला कारभार बघणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मिशनचा होता आणि तो सगळ्यांना चालत होता. वर्षअखेरीस कोसोवोचा स्वतःचा नवा शिक्का आला आणि सर्बिया, बोस्निया दोघांनीही तोंड फिरवलं. माल तोच, ट्रक तोच, ड्रायव्हरही बहुतेक तोच. बदलला तो शाईचा ठसा.

शेठ म्हणाले, “अरे, तिथे सेफ्टा आहे ना? झीरो ड्युटी.” गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलं होतं. आता सेफ्टा म्हणजे त्या भागाचा मुक्त व्यापार करार, २००६ च्या डिसेंबरात बुखारेस्टला सह्या झाल्या, दुसऱ्या वर्षी लागू झाला. सर्बिया, बोस्निया, मॅसेडोनिया, अल्बानिया, मॉन्टेनेग्रो, मोल्दोव्हा, तेव्हा क्रोएशियाही, आणि कोसोवोच्या वतीने संयुक्त राष्ट्रांचं मिशन. पण झीरो ड्युटी तिथे बनलेल्या मालाला! वागळे इस्टेट रोड नंबर बावीसवर बनलेल्या वॉल्व्हला कशी मिळेल? हे मी सांगितलं, तर शेठ माझ्याकडे बघून हसले आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, “कागदवाल्यांना धंदा कळत नाही. जग पैशावर चालतं, शिक्क्यावर नाही.”

गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हता, हेही सांगायला हवं. त्याची सोय होती. उत्तरेला यारिन्ये आणि ब्रन्याक असे दोन नाके आहेत, आणि स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर तिथली कस्टमची ठाणी जमावाने फोडली होती. तेव्हापासून तिथे जकात वसूल होतच नव्हती. तो माल तिकडून, आपल्या भाषेत सांगायचं तर, मागच्या दाराने काढायचा. शेठना हे ठाऊक असावं, मला नंतर कळलं.

आमचा कंटेनर प्रिश्तीनाला पोचला जुलैत. २० जुलैला कोसोवोने सर्बियाच्या मालावर बंदी घातली. तुम्ही आमचा शिक्का मानत नाही ना, मग तुमचा माल नको. पाच दिवसांनी त्या दोन नाक्यांचा ताबा घ्यायला विशेष पोलीस पाठवले, त्यात एक पोलीस मेला, मग यारिन्येचा नाका जाळला गेला आणि उत्तरेचे रस्ते अडथळे टाकून बंद झाले. म्हणजे पुढचं दार शिक्क्याने बंद आणि मागचं दार जळून खाक. अर्धा कंटेनर प्रिश्तीनाच्या गोदामात. आम्ही तीस टक्के आगाऊ घेतले होते, बाकी माल पोचल्यावर. तो म्हणणार, पार्टनरचा माल पोचलाच नाही, पैसे कसले?

मी रोज सकाळी ट्रान्सहार्बरने कोपरखैरण्याहून ठाण्याला जाताना ब्रसेल्सच्या बातम्या शोधायचो. लोक मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघायचे आणि मी सर्बिया-कोसोवो वाटाघाटी. शेवटी २ सप्टेंबरला ब्रसेल्समध्ये शिक्क्यावर तोडगा निघाला. काय निघाला माहितीये? शिक्क्यावर ‘कस्टम्स ऑफ कोसोवो’ एवढंच. ‘रिपब्लिक’ हा शब्द नाही, राजचिन्ह नाही, झेंडा नाही. कोसोवोवाले म्हणाले बघा, आमचं नाव आहे. सर्बियावाले म्हणाले बघा, देश असं कुठे लिहिलंय? दोघांनी घरी जाऊन आपण जिंकलो असं सांगितलं आणि ट्रक हलले. मुत्सद्देगिरीचा इतका स्वच्छ नमुना मी दुसरा बघितलेला नाही.

आमचा माल ऑक्टोबरअखेर सरकला. तोवर नोव्ही पाझारवाल्याने तुर्कस्तानचे वॉल्व्ह घेऊन टाकले होते. आम्हाला चाळीस टक्के पाडून द्यावा लागला. दिवाळीला माझ्या बोनसच्या पाकिटात निम्मे पैसे. कारण विचारलं तर म्हणे, डॉक्युमेंटेशनमधली चूक. माझी!

असो. तुमच्या प्रश्नाकडे येतो.

बोस्नियाचं उदाहरण घ्या. १९९५ ला डेटन करार झाला, लढाई थांबली. पहिल्या चार वर्षांत पाच अब्ज डॉलरच्या आसपास मदत आली, पूल झाले, शाळा झाल्या. पण सर्बांच्या भागातला माणूस बोस्नियाक (तिथले मुस्लीम) आणि क्रोएटांच्या भागात गाडी घेऊन जायला घाबरायचा, तिकडचा इकडे यायला, कारण नंबर प्लेटवरून कळायचं हा कुठला. माझ्या गाडीवर एमएच ४३ आहे. ती घेऊन नाशिकला गेलो तर फार तर कोणी ‘आले मुंबईवाले’ म्हणून कट मारेल. तिथे दगड पडायचे. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय समुदायाच्या प्रतिनिधीने, कार्लोस वेस्टेनडोर्प त्यांचं नाव, सगळ्या देशाला एकच प्लेट लावली. तीत गावाचा कोड नाही, आणि अक्षरं फक्त अशी जी लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखी दिसतात. ए, ई, जे, के, एम, ओ, टी. बस. सात अक्षरांनी जे केलं ते पूल बांधून झालं नव्हतं. त्याच वर्षी सगळ्यांना एकच चलन आलं, कन्व्हर्टिबल मार्क, जर्मन मार्कला एकास एक बांधलेलं. (जर्मनीने मार्क कधीच सोडला, बोस्नियात तो अजून खिशात आहे.) १ जानेवारी २००६ पासून देशभर एकच १७ टक्के व्हॅट, सगळा एका खात्यात जमा, तिथून वाटप. हे कंटाळवाणं वाटतं, पण खरी कामं हीच आहेत.

आणि लोक करारासाठी थांबत नाहीत. बोस्नियातल्या ब्रच्कोजवळ नाटोच्या सैन्याच्या ज्या रस्त्याचं सांकेतिक नाव ‘अॅरिझोना’ होतं, त्याच्या कडेला १९९६ च्या सुमारास बाजार भरायला लागला. सर्ब, क्रोएट, बोस्नियाक, कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारे, तिथे गुरं, सिगारेटी, चपला विकत होते. शेठ हेच उदाहरण देतील: बघ, पैशाने जोडलं. पण त्या बाजाराच्या डोक्यावर अमेरिकन सैन्याची चौकी होती, ते कोण सांगणार? आणि चौकी असूनही करबुडवेगिरी, चोरीच्या गाड्या, बायकांची विक्री असलं सगळं तिथे झालं. नुसता पैसा मोकळा सोडला की हेही येतं.

तुम्ही म्हणाल युद्ध झालेल्या देशांचंच असं होतं. ठाण्या-मुंबईत कुठे युद्ध झालं होतं? तरी २०१७ ला जीएसटी येईपर्यंत मुलुंडच्या जकात नाक्यावर आमचे टेम्पो तासन् तास उभे असायचे, कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. नाका गेला आणि आमचा मुंबईतला डिलिव्हरीचा वेळ कमी झाला. कोणी आंतरराष्ट्रीय परिषद भरवली नव्हती.

आता उलट बाजू. २०१८ च्या नोव्हेंबरात कोसोवोला इंटरपोलचं सदस्यत्व मिळालं नाही. कोसोवोने सर्बियाला दोष दिला आणि दुसऱ्याच दिवशी सर्बिया आणि बोस्नियाच्या मालावर १०० टक्के कर लावला. सर्बियाचा वर्षाला चाळीस कोटी युरोंच्या पुढचा माल कोसोवोत जात होता, तो जवळजवळ आटला. सेफ्टा कागदावर होताच. कर २०२० ला उठला, २०२३ ला परत सर्बियाच्या मालावर बंदी आली. दुसरीकडे, कोव्हिडमध्ये याच देशांनी औषधं आणि अन्नाच्या ट्रकची माहिती आधीच एकमेकांना पाठवून हिरव्या मार्गिका चालवल्या, आणि २०२१ च्या जुलैपासून आपसातल्या मोबाइल रोमिंगचा जादा आकार बंद केला. म्हणजे जमतं त्यांना.

काश्मीरचं विचारलंय त्याबद्दल थोडक्यात: नियंत्रण रेषेपलीकडचा व्यापार २००८ च्या ऑक्टोबरात सुरू झाला होता, उरी आणि पूंछच्या दोन वाटांनी, ड्युटी शून्य, २१ वस्तू. पण मालाच्या बदल्यात माल, बँक नाही. २०१९ च्या एप्रिलात बंद. बँकेचा शिक्काच नसलेला व्यापार किती टिकणार? बाकी दक्षिण आशियावर मी बोलण्यात अर्थ नाही, माझा माल तिकडे कधी गेला नाही.

हां, एक राहिलं. शिक्का चालला म्हणजे सगळं झालं असंही नाही. बोस्नियाची लोकसंख्या १९९१ ला ४३ लाखांच्या वर होती, २०१३ च्या जनगणनेत ३५ लाख. त्यात युद्धाचे मेलेले आणि पळालेले आहेतच, पण तरुण पोरं आजही जर्मनीची वाट धरतात. ट्रक सुटला तरी नोकरी येईलच असं नाही, हे मी वर जोरात बोललो त्यात विसरलो.

आणि समजा तुम्ही कुठे एक्स्पोर्टमध्ये कामाला असाल, तर फुकटचा सल्ला घ्या: वादग्रस्त सीमेपलीकडे माल जात असेल तर दोन बीएल करा, आणि मालकाने नाही म्हटलं तर ते मेलवर लिहून घ्या. मी तोंडी ऐकून घेतलं, तिथे चुकलो.

२०१८ ला १०० टक्के कराची बातमी आली तेव्हा मी ती शेठना व्हॉट्सॲपवर पाठवली होती. खाली थेस्सालोनिकीच्या एजंटच्या मेलचा फोटोही जोडला, तारखेसकट. दोन निळ्या टिका आल्या. नंतर त्यांनी ग्रुपवर सुप्रभातचं फूल टाकलं.