वाचक विचारतात : साक्ष द्यायची, पण कशी?

प्रश्न : मंडळीत (चर्चमध्ये) माझी साक्ष, म्हणजे येशूवर माझा विश्वास कसा बसला ती गोष्ट, सगळ्यांना आवडते. ख्रिस्ती नसलेल्या मैत्रिणीला तीच सांगितली, तर ती एवढंच म्हणाली, "छान, तुला बरं वाटलं ना!" कुठे चुकलं?

उत्तर : मैत्रिणीने बरोबर ऐकलं. साक्ष म्हणजे तुमच्या आयुष्यात काय घडलं, सुवार्ता म्हणजे येशूच्या बाबतीत काय घडलं. तुमचं पहिलं सांगून झालं, दुसरं राहिलं. प्रेषित पौलाने बायबलमध्ये सुवार्तेचा गाभा दोन वचनांत दिला आहे (1 करिंथ 15:3-4): ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठला. हे साक्षीत कुठेतरी आलंच पाहिजे, नाहीतर ऐकणाऱ्याला ती मन:शांतीची एक पद्धत वाटते.

साक्षीच्या बांधणीसाठी बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय 26 पाहा. अग्रिप्पा राजापुढे पौल आधीचं आयुष्य, येशूची भेट आणि नंतरचं आयुष्य याच क्रमाने बोलतो. तुमची साक्ष तीन मिनिटांत, म्हणजे साधारण तीनशे शब्दांत बसवा. बहुतेकांचा पहिला भाग फुगतो. व्यसनं, भांडणं, आजारपणं रंगवून सांगताना येशू शेवटच्या दोन वाक्यांत उरतो. तिसऱ्या भागात "तेव्हापासून सगळ्या अडचणी संपल्या" असं म्हणू नका. ते खरं नसतं, आणि पौलाच्या अडचणी तर तिथूनच सुरू झाल्या. 'तारण', 'नवा जन्म', 'रक्ताने धुतलं' हे शब्द बाहेरच्याला कळत नाहीत. लिहून काढा, अशा शब्दांखाली रेघ मारा आणि प्रत्येकाऐवजी साधं वाक्य घाला.

आणि बोलण्याआधी विचारा. इथियोपियाच्या राणीचा खजिनदार रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता. येशूचा अनुयायी फिलिप्प याने धावत जाऊन आधी प्रश्नच केला: जे वाचता ते समजतं का? मग त्याच उताऱ्यापासून तो येशूविषयी बोलू लागला (कृत्ये 8). मैत्रिणीची तयारी असेल तर मार्कचं शुभवर्तमान (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) सोबत वाचा. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, 16 अध्यायांचं. एका बैठकीत एकच प्रसंग घ्या. इथे येशू काय करतो? लोक काय म्हणतात? तुला काय खटकतं? तिसऱ्या प्रश्नानंतर गप्प बसता आलं पाहिजे. (हेच सर्वांत अवघड, विशेषतः ज्यांना उपदेशाची सवय आहे त्यांना.)

प्रश्न : आमचा गट आजारी, गरजू कुटुंबांना मदत करतो. मदत देतानाच सुवार्ता सांगावी का?

उत्तर : मदत बिनशर्त असू द्या. तुम्ही देणारे, ते घेणारे; तिथे "नाही" म्हणणं त्यांना जड जातं. व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी 2011 मध्ये मिळून काढलेल्या निवेदनात आमिष आणि जबरदस्ती यांना साफ नकार आहे. धर्म बदलण्याआधी विचाराला पुरेसा वेळ हवा, असंही त्यात म्हटलं आहे. प्रार्थना करायची तर आधी विचारा, "करू का?" संकोचाने दिलेला होकार चेहऱ्यावर दिसतो, तो होकार धरू नका. आणि "प्रार्थना केली की बरं वाटेलच" असं वचन द्यायचा अधिकार तुम्हाला नाही. औषधं थांबवायला तर चुकूनही सांगू नका.

प्रश्न : भावाने "हा विषय पुन्हा नको" असं सांगितलं. आता?

उत्तर : मग नको. येशूचा शिष्य पेत्र जी तयारी ठेवायला सांगतो ती विचारणाऱ्याला उत्तर देण्याची, तीही सौम्यतेने (1 पेत्र 3:15). भावाकडे पूर्वीसारखंच जा-ये ठेवा. त्याच्यासाठी प्रार्थना करा, फक्त ती करता आहात हे त्याला ऐकवत बसू नका.